फाईफची तिसरी हाक

आमच्या गावात मोहफुलं वेचायला गेल्यावर कुणी कुणाचं नाव घेत नाही. गावात हवं तेवढं घ्या, भांडणात तर सात पिढ्यांचं घ्या. पण बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी मागे टाकून एकदा जंगलात शिरलं की नाव बंद. हाक मारायची ती नुसती ‘कूऽऽ’ अशी, आणि तीही तीनदा. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला थांबायचं, तिसरी आली की मग उलट ‘कूऽऽ’ करायचं. कारण माणूस तीनदा हाक मारतो आणि जे माणूस नाही ते एकदाच मारतं, असं आमच्याकडे धरून चालतात. एकच हाक आली आणि पुढे काही नाही, तर तोंड मिटायचं, झाडाला पाठ लावायची आणि गप उभं राहायचं. ते ‘जे’ म्हणजे नेमकं कोण, हे विचारलेलं कुणालाच आवडत नाही.

मी मूल गावातल्या एका शाळेत मराठी शिकवते. अंधश्रद्धेचा विषय निघाला की ह्या तीन हाकांचं उदाहरण देऊन मी वर्गाला हसवायची. आता नाही देत. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून बंद केलं.

आधी हे सांगते की मी घाबरट आहे. गॅस बंद केला का हे बघायला मी कोपऱ्यावरून परत येते, कुलूप दोनदा ओढते, आणि भल्या सकाळी फोन वाजला की उचलायच्या आधीच मनात कुणाचं तरी तेरावं घालून मोकळी होते. नवरा म्हणतो, तुझ्या काळजीला वेगळं रेशन कार्ड काढावं लागेल. त्याला हसू द्या. सिंदेवाहीकडच्या जंगलाला लागून जिचं माहेर आहे, तिच्या पोटात मार्च ते मे काय चालतं हे त्याला कळायचं नाही. माझी भीती एकच होती आणि ती अगदी साधी होती: माझ्या मायला वाघ नेईल.

माय सत्तरीला टेकलेली. आमच्या घराचं मोहाचं झाड नाल्याच्या पलीकडे, सगळ्यांत आत. फुलं पहाटेपासून टपटप पडतात, आणि ती उन्हं चढायच्या आत उचलली नाहीत तर हरणं आणि अस्वलं उचलतात. खाली वाकून फुलं वेचणारी बाई दुरून माणसासारखी दिसतच नाही, हे वनरक्षक दरवर्षी गावात येऊन सांगतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावची एक बाई अशीच वाकलेली असताना गेली. तिच्या टोपलीत फुलं अर्धी भरलेली होती, असं आमच्या काकूने मला फोनवर सांगितलं. ती अर्धी टोपली माझ्या डोळ्यांसमोरून हलता हलत नव्हती.

मी मायला विनवलं, रडले, भांडले, आठवडाभर अबोला धरून पाहिला. ती म्हणाली, “वाघ आत्ता आला. मोहाचं झाड माह्या जन्माच्या आधीपासून आहे. त्याच्यासाठी याले काऊन सोडू?”

एवढी वर्षं मला जो काही धीर होता तो बाबांमुळे होता. बाबा पलटणीच्या बँडात होते. निवृत्त होऊन आले तेव्हा ट्रंकेतून त्यांनी एक दीड वीत लांब, काळ्या लाकडाची, दोन्ही टोकांना पितळी कडं असलेली बासरी आणली. तिला ते फाईफ म्हणत. आपल्या बासरीसारखी आडवीच धरायची, भोकं सहाच. पण आवाज असा की कानात सुई जावी. मऊपणाचं नाव नाही. पलटणीत ढोलाच्या जोडीला ती वाजे. ढोल पाय चालवतो आणि फाईफ सांगते आपण कुठे आहोत, असं बाबा म्हणत. एकदा डोंगरात धुकं दाटलं आणि मागची तुकडी दिसेनाशी झाली, तेव्हा बाबांनी ओठ फुटेपर्यंत वाजवून तिला वाटेवर आणलं होतं. ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की त्या धुक्याने मलाही थंडी वाजायची.

गावी आल्यावर त्यांनी तेच काम मोहाखाली सुरू केलं. बायका आपापल्या झाडाखाली पांगत. मधोमध एक सपाट काळा दगड आहे, त्यावर बाबा बसत. एक बिडी संपली की फाईफ उचलायची आणि तीनदा फुंकायची. तिसऱ्या फुंकरीनंतर चारही बाजूंनी ‘कूऽऽ’ येत. बाबा बोटांवर मोजत, संख्या जुळली की दुसरी बिडी पेटवत. ‘ते जे’ वगैरेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण बायका तीन हाकांशिवाय ओ देत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पलटणीची शिस्त गुंडाळून गावची उचलली. माझा त्यांच्यावर भरवसा होता. बाबा दगडावर आहेत म्हणजे मायला काही होणार नाही, हे मी स्वतःला शाळेच्या प्रार्थनेत उभी असताना सांगत असे.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, फाईफ म्हणजे काय? ते म्हणाले, “फाईफ म्हणजे फाईफ.” मग मी चंद्रपूरला कॉलेजात गेले तेव्हा ग्रंथालयातला दोन हातांनी उचलावा लागणारा इंग्रजी शब्दकोश काढला आणि तो शब्द शोधला. मला वाटलं होतं, पलटणीचं वाद्य आहे, शब्दाच्या पोटात शौर्य, विजय, निदान तलवार तरी असेल. निघालं ते असं: शब्द इंग्रजीत आला जर्मनकडून. स्विस भाडोत्री शिपाई ही बासरी ढोलाबरोबर वाजवत युरोपभर हिंडले आणि त्यांच्या मागोमाग शब्दही हिंडला. जर्मनमध्ये त्याचा अर्थ नुसती नळी, फुंकायची. आणि त्याच्याही मागे गेलं तर लॅटिनमधलं एक क्रियापद, त्याचा अर्थ पिल्लाने चिवचिवणं. अंड्यातून निघालेलं पिल्लू ‘पी पी’ करतं, तो आवाज म्हणजे ह्या शब्दाचं मूळ. आपली पिपाणी त्या क्रियापदाच्या पोटची नसेल, पण तीही असाच आवाज ऐकून कुणीतरी नावारूपाला आणली असणार.

मला हे फार आवडलं. सुट्टीत घरी गेले आणि चुलीपाशी बसून वहीत उतरवलेलं सगळं बाबांना वाचून दाखवलं. बाबांचा चेहरा पडला.

“कोंबडीच्या पिल्लाची चिवचिव?” ते म्हणाले. “आमी का खुराड्यात होतो? पलटणीत होतो.”

“मी नाही म्हणत, बाबा, शब्दकोश म्हणतो.”

“त त्याले सांग, माह्यासमोर येऊन म्हण.”

माय इतकी हसली की भात खाली लागला. मग डोळे पुसत म्हणाली, “बरोबरच लेहलं आहे. पिल्लू भुकेनं नाई चिवचिवत. माय दिसली नाई का चिवचिवते. अन् कोंबडी पहा, एका चिवचिवीत धावत येते. तीनची वाट नाई पाहत.”

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फाईफचा विषय त्यानंतर आमच्या घरात जपून निघायचा.

गेल्या वर्षी हिवाळ्यात बाबांची छाती भरली. इतकी वर्षं बिडीवर वेळ मोजली, त्या बिड्यांनी शेवटी आपला हिशेब मागितला. डॉक्टरांनी सांगितलं, बिडी बंद, आणि फुंकणं तर मुळीच नाही, चूलसुद्धा फुंकायची नाही. मार्च लागला, मोह टपकू लागला, आणि माय टोपली घेऊन निघाली. दगडावर कुणी नव्हतं. मी मूलला आठवीचे पेपर तपासत होते आणि एकाच पोराला दोनदा मार्क देत होते.

एप्रिलमध्ये मी रजा टाकून माहेरी गेले. बाबांना म्हटलं, मला शिकवा.

अंगणात खाटेवर बसून त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी माझ्या फुंकरीतून नुसती हवा निघाली. दुसऱ्या दिवशी हवा आणि थुंकी. बाबा चिडत, चिडले की खोकत, खोकले की माय आतून ओरडे, आणि मग आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे गप बसत. “ओठ घट्ट नाई करायचे. शिटी वाजवतेस का? हसल्यासारखे कर.” मला हसल्यासारखे ओठ करणंच जमेना. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम तो आवाज फुटला आणि अंगणातल्या कोंबड्या चौफेर पळाल्या. बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. एवढंच. पण मला गोल्ड मेडल मिळाल्यासारखं झालं.

“तीनदा,” ते म्हणाले. “श्वास संपला तरी तीनदा. समजलं?”

“मला काय सांगता, बाबा? मी ह्याच गावची आहे.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. माय धरून चौघी: माय, काकू, शेजारची बाई आणि तिची नवी सून. बोडी मागे पडली तशा बोलायच्या थांबल्या. मोहाचा तो लहानपणचा गोड, जड वास नाकात भरला. प्रत्येक झुडपाकडे मी दोनदा बघत होते. काळ्या दगडापाशी मी थांबले, त्या पांगल्या. माय नाल्याकडे उतरली आणि तिचं हिरवं लुगडं दिसेनासं झालं.

बिडी मी ओढत नाही. मोबाइलला रेंज नव्हती, पण घड्याळ चालू होतं. दर दहा मिनिटांनी तीन फुंकरा. पहिल्या खेपेला चार ओ आल्या. काकूची फाटकी, शेजारणीची लांबलचक, सुनेची लाजरी, आणि नाल्यापलीकडून मायची आखूड ‘कू’, जास्त दम न घालवणारी. दुसऱ्या खेपेलाही चार. तिसऱ्यालाही. मला वाटलं, जमलं की आपल्याला. मी बाटलीतलं पाणी प्याले आणि पाय जरा सैल सोडून बसले.

मग वांदर ओरडलं. वांदरांची नेहमीची कचकच नव्हती ती. खोकल्यासारखा, एकच एक, थांबून थांबून येणारा आवाज. पाठोपाठ चितळाने तीक्ष्ण शीळ घातल्यासारखा आवाज काढला. दोन्ही नाल्याच्या अंगाने. ह्याचा अर्थ वाघ, हे मला कुणी शब्दकोशात शोधून द्यायची गरज नव्हती.

मी उभी राहिले, फाईफ ओठाला लावली आणि फुंकलं. सगळ्या छातीने फुंकलं. एकच फुंकर, लांब, शेवटाला चिरकलेली. हवा संपली तशी मी थांबले आणि ऐकू लागले.

काही नाही. काकूची नाही, शेजारणीची नाही, सुनेची नाही, नाल्यापलीकडून नाही. वांदरंही गप झाली होती. चारही बाजूंनी जंगल एकदम बंद झालं.

आज हे लिहिताना मला स्वतःचे कान उपटावेसे वाटतात. एका हाकेला ओ द्यायची नाही, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. मी ते वर्गात नकलेसह करून दाखवलेलं आहे. चौघीही जिथल्या तिथे, तोंड मिटून, झाडाला पाठ लावून उभ्या असणार, हे मला कळायला हवं होतं. पण त्या क्षणी मला गावही आठवलं नाही आणि शाळाही. मला फक्त अर्धी भरलेली टोपली दिसली.

पुन्हा फुंकायला गेले तर ओठ कोरडे पडले होते. नुसती हवा. पुन्हा हवा. भोकांवर बोटं बसत नव्हती. मग मी जे आमच्या जंगलात कधीच कुणी करत नाही ते केलं. मी मायचं नाव घेऊन ओरडले. मायचं नाव मी जन्मात कधी तोंडाने घेतलं नव्हतं, फक्त शाळेच्या फॉर्मवर लिहिलं होतं. ते असं ओरडल्यावर एखाद्या परक्या बाईचं वाटलं, आणि त्यानेच मला जास्त रडू फुटलं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. घड्याळ म्हणालं चार मिनिटं. मला एवढं आठवतं की मी देवाला काहीबाही कबूल करत होते, आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात बाबांना हे कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. अशी वाक्यं जुळवल्याची लाज मला अजून वाटते.

मग समोरची झुडपं हलली. मी मागे सरकले आणि दगडावरून खाली पडले. झुडपांतून माय आली. डोक्यावर टोपली नाही, पदर काटेरी फांदीने फाटलेला, पायात एकच चप्पल. ती धावत आली होती. सत्तरीची माझी माय, गुडघ्यांसाठी रोज तेल लावणारी.

“काय झालं तुले?” तिने माझे दोन्ही दंड धरले, पाठ, मान, पाय चाचपून पाहिले. “कुठी लागलं? रगत कुठी आहे?”

“मला काही नाही झालं, माय. मला वाटलं तुलाच.”

“मले काय होते? मी त झाडाखाली होती.”

“मग ओ काऊन नाई दिलीस?” माझ्या तोंडून गावची बोली निघाली.

“एकच हाक होती ना वो! एका हाकेले कोण ओ देते?”

“मग झाडाला पाठ लावून उभं राहायचं होतंस. तसंच आहे ना आपल्यात? इकडे कशाला आलीस? नाल्यातून! तिकडेच ओरडत होतं ते वांदर.”

 मायने पदराने माझं नाक पुसलं, चाळीस ओलांडलेल्या बाईचं, आणि मग एकदम तापली. “अन् नाव कायले घेतलं माहं? एवढी शिकलेली पोरगी!”

तिने तीनदा ‘कूऽऽ’ केलं. तीन ओ आल्या, फाटकी, लांबलचक, लाजरी. सगळ्या जणी गोळा झाल्या आणि आम्ही मायची टोपली आणायला मिळून नाल्यात उतरलो. वाळूत मायच्या पावलांची ओळ होती, एक चपलेचं, एक अनवाणी, एक चपलेचं, एक अनवाणी. आणि तिला आडवी जाणारी दुसरी ओळ होती, गोल, रुंद पंजांची. एके ठिकाणी ती दुसरी ओळ मायच्या अनवाणी पावलाला लागून गेली होती. वर होती की खाली, ते मी वाकून बघायला लागले तसा मायने पाय फिरवला आणि वाळू सारखी करून टाकली.

“रातचे होत,” ती म्हणाली. “जुने आहेत.”

काकू माझ्याकडे बघत होती.  टोपली मिळाली. अर्धी भरलेली.

परत येताना बोडीच्या पाळीवर बाबा बसलेले दिसले. बनियन, लुंगी, हातात काठी, छाती भात्यासारखी वरखाली. डॉक्टरांनी अंगणाबाहेर पडायचं नाही म्हटलं होतं. आम्हाला पाहून ते उठले नाहीत, उठायचा दम नव्हता. त्यांनी बोटांवर मोजलं.

“चार,” मी म्हटलं.

“पाच,” ते म्हणाले. “तुले कोण मोजन?”

मी त्यांच्याजवळ बसले. श्वास जरा जाग्यावर आल्यावर त्यांनी माझ्या हातातून फाईफ घेतली, तिचं तोंड बनियनने पुसलं आणि म्हणाले, “इथवर आली ऐकू. एकच होती. तुया पुस्तकात बरोबरच लेहलं होतं. ते पलटणीची हाक नोती.”

इतक्या वर्षांनी त्यांनी हे कबूल केलं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. मी त्यांना धरून घरी आणलं.

मला वाटलं, आता तरी माय ऐकेल. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिने टोपली उचलली. मी आडवी उभी राहिले. ती म्हणाली, “तुले भेव वाटत असन त घरी राह्य. बाबाजवळ बस.” मी फाईफ घेतली आणि मागोमाग निघाले. दुसरं काय करणार होते?

दगडावर बसले. नाला जिथे दिसेनासा होतो तिकडे तोंड केलं. दहा मिनिटं झाल्यावर ओठ ओले केले, हसल्यासारखे केले आणि पहिली फुंकर मारली. दुसरीसाठी श्वास घेत होते, तेवढ्यात नाल्यापलीकडून आखूड ‘कू’ आली.

जन्मभर तिने तिसरीची वाट पाहिली होती. मी फाईफ तशीच ओठाला धरून बसले, डोळ्यांतलं पाणी तिच्यावर पडत होतं. मग उरलेल्या दोन फुंकरा मारल्या. त्या बाकीच्या तिघींसाठी होत्या.